रिकाम्या यादीत गेलेली फाईल

लिनक्स कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, सोर्सपासून बनवणाऱ्या बिल्ड सिस्टिमला केबिल्ड म्हणतात. तिच्या मेकफाईलींविषयीच्या (मेक या टूलला काय आणि कसं बनवायचं ते सांगणाऱ्या फाईली) मुख्य डॉक्युमेंटमध्ये एक वाक्य अनेक वर्षं होतं. आता ते बदललं आहे, पण जुन्या आवृत्त्या उघडल्या तर सापडतं. मेकफाईलमध्ये उपडिरेक्टरीचं नाव दिलं की काय होतं, ते त्यात सांगितलं होतं. त्या डिरेक्टरीत जायचं की नाही, एवढंच ठरवायला केबिल्ड ही माहिती वापरतो. आत गेल्यावर काय कर्नलमध्ये कायमचं बसणार आणि काय मॉड्यूल (हवं तेव्हा जोडता येणारा वेगळा तुकडा) होणार, हे आतली मेकफाईल ठरवते. असा त्याचा आशय होता.

वाक्य सुटसुटीत होतं, व्याकरणात चूक नव्हती, आणि नवशिक्यालाही ते लगेच पटायचं. प्रत्यक्षात मात्र केबिल्ड तसा वागत नाही. डिरेक्टरीचं नाव ऑब्ज-वायच्या, म्हणजे कर्नलमध्ये बसवायच्या गोष्टींच्या, यादीत असेल, तर आतले बिल्ट-इन ऑब्जेक्ट (कंपाईल झालेल्या फाईली) एका बिल्ट-इन अर्काइव्हमध्ये गोळा होतात आणि शेवटी व्हीएमलिनक्सला, म्हणजे तयार कर्नलच्या फाईलला, जोडले जातात. तेच नाव ऑब्ज-एमच्या, म्हणजे मॉड्यूलच्या, यादीत असेल, तर केबिल्ड त्या डिरेक्टरीत जातो खरा, पण तिथलं काहीही व्हीएमलिनक्सला जोडत नाही. आतल्या मेकफाईलने एखादी फाईल ऑब्ज-वायमध्ये टाकली असली तरी नाही. म्हणजे बाहेरच्या मेकफाईलने आत जायचं की नाही हे तर ठरवलंच, शिवाय आतल्यांपैकी कुणाला कर्नलमध्ये जागा मिळणार हेही ठरवलं. नव्या डॉक्युमेंटमध्ये आता हे दोन्ही नीट लिहिलं आहे. असे ऑब्जेक्ट अनाथ राहतात, आणि असं घडलं तर बहुधा मेकफाईलमध्ये किंवा केकॉन्फिगच्या (कर्नलचे पर्याय ठरवणाऱ्या यंत्रणेच्या) अवलंबनांमध्ये चूक आहे, असंही त्यात स्पष्ट म्हटलं आहे.

ही दुरुस्ती मला फार महत्त्वाची वाटते. जुनं वाक्य खरं मानून कुणी मेकफाईल लिहिली तर पुढे काय होईल, याचा विचार करून बघा. अनाथ झालेल्या ऑब्जेक्टमधलं एखादं फंक्शन कर्नलच्या दुसऱ्या भागाने बोलावलं असेल, तर निदान लिंकर, म्हणजे ऑब्जेक्ट एकत्र जोडणारं टूल, ओरडेल. पण ड्रायव्हरला सहसा कुणी नावाने बोलावत नाही. तो इनिटकॉलमधून, म्हणजे बूटच्या वेळी आपोआप चालणाऱ्या फंक्शनमधून, स्वतःच आपली नोंदणी करतो. असा ड्रायव्हर गळून पडला तर बिल्ड शेवटपर्यंत सुरळीत जातं. एरर नाही, वॉर्निंग नाही. कर्नल बूट होतो आणि हार्डवेअर तेवढं दिसत नाही. मग माणूस ड्रायव्हरचा कोड पिंजून काढतो, डिव्हाइस ट्री (हार्डवेअरचं वर्णन) तपासतो, केबल बदलून बघतो. चूक मात्र एक डिरेक्टरी वर, मेकफाईलच्या एका ओळीत असते. ज्या डॉक्युमेंटने त्याला त्या ओळीपर्यंत न्यायला हवं, त्यानेच त्या ओळीचा काही संबंध नाही असं सांगितलेलं असतं.

बिल्ड सिस्टिमच्या डॉक्युमेंटेशनवर मी इतका जीव का टाकते, त्याचं कारण हेच. प्रोग्राम चुकला की क्रॅश होतो, कंपायलर अडला की ओळ क्रमांकासकट सांगतो. बिल्ड सिस्टिम पुष्कळदा गप्प राहते, आणि तिचं हे गप्प राहणं तिच्या रचनेतच आहे.

केबिल्डमधली सगळ्यात परिचित ओळ घ्या: ऑब्ज-$(कॉन्फिग_फू) += फू.ओ. फू हे नुसतं नमुन्याचं नाव. कॉन्फिग_फूची किंमत वाय असेल तर यादीचं नाव ऑब्ज-वाय होतं, एम असेल तर ऑब्ज-एम. पर्याय बंद असेल तर मेकच्या दृष्टीने तो व्हेरिएबलच अस्तित्वात नसतो. अस्तित्वात नसलेल्या व्हेरिएबलच्या जागी मेक काहीच ठेवत नाही. त्यामुळे यादीचं नाव उरतं नुसतं ऑब्ज-, पुढे काही नाही. त्या यादीकडे कुणी ढुंकूनही बघत नाही, म्हणून फाईल आपोआप वगळली जाते. तिन्ही शक्यता एका ओळीत आल्या, एकही इफ-एल्स न लिहिता. कर्नलच्या फार जुन्या मेकफाईलींमधल्या इफ-एल्सच्या लांबलचक रांगा ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना या एका ओळीची किंमत कळेल. मला ती आजही सुंदर वाटते.

आता त्याच ओळीत कॉन्फिगचं नाव लिहिताना एक अक्षर चुकवा. त्या चुकीच्या नावाचा पर्याय कुठेच नाही, म्हणून व्हेरिएबल रिकामा, म्हणून यादी ऑब्ज-, म्हणून फाईल वगळली. मुद्दाम बंद ठेवलेला पर्याय आणि चुकीचं लिहिलेलं नाव यांतला फरक मेकला कळतच नाही. ज्या गुणामुळे ही ओळ इतकी छोटी झाली, त्याच गुणामुळे चूक झाकली जाते. असल्या बेवारस नावांचा शोध घेणारी एक स्वतंत्र स्क्रिप्ट कर्नलच्या सोर्समध्ये आहे. मेक स्वतःहून त्यांना कधीच पकडणार नाही, म्हणूनच ती लिहावी लागली. ही दुसरी बाजू डॉक्युमेंटने सांगायलाच हवी असं माझं ठाम मत आहे. 'पर्याय चालू असेल तर फाईल कंपाईल होते' एवढं लिहून भागत नाही. 'नाव चुकलं तर फाईल काही न सांगता वगळली जाते' हेही त्याच परिच्छेदात, त्याच जागी यायला हवं. शेवटी कुठेतरी 'सूचना' म्हणून टाकलं तर ते वाचलं जात नाही.

डॉट कॉन्फिग फाईलमध्येही, म्हणजे निवडलेले पर्याय जिथे साठतात तिथेही, हेच. कुणीतरी एडिटर उघडतो, हवा तो पर्याय हाताने वाय करतो आणि सेव्ह करतो. त्या पर्यायाची अवलंबनं पूर्ण होत नसतील तर मेक ओल्डडेफकॉन्फिग (ती फाईल नव्याने जुळवून घेणारी आज्ञा) चालवल्यावर ती ओळ नाहीशी होते. पर्यायांचे तुकडे एकत्र करणारी मर्ज-कॉन्फिगची स्क्रिप्ट वापरली तर मागितलेली किंमत अंतिम फाईलमध्ये नाही, असं ती निदान कळवते. साधा मार्ग घेणाऱ्याला मात्र आपली ओळ कुठे गेली ते शोधत बसावं लागतं. केकॉन्फिगमधल्या सिलेक्टची कहाणी जरा बरी आहे. तो अवलंबनं न बघता पर्याय जबरदस्तीने चालू करतो, पण त्याबद्दल डॉक्युमेंटमध्ये स्पष्ट ताकीद आहे, आणि अवलंबन मोडलं तर टूल वॉर्निंगही देतं. त्यामुळे त्याबद्दल इथे फार लिहीत नाही.

सगळ्यात जवळून बघण्यासारखी जागा माझ्या मते इफ-चेंज्ड ही आहे. केबिल्डमध्ये स्वतःचा वेगळा नियम लिहिणाऱ्या प्रत्येकाची तिच्याशी कधी ना कधी गाठ पडते. साधा मेक फक्त फाईलींच्या वेळा बघतो. सोर्स नवा असेल तर टार्गेट, म्हणजे त्यापासून बनणारी फाईल, पुन्हा बनवतो. पण कर्नल बनवताना सोर्सला हात न लावता नुसता कंपायलरचा एखादा फ्लॅग बदलला तरी टार्गेट जुनं ठरतं. म्हणून केबिल्ड प्रत्येक टार्गेटसाठी चालवलेली कमांड एका लपलेल्या डॉट-सीएमडी फाईलमध्ये लिहून ठेवतो. पुढच्या वेळी इफ-चेंज्ड जुनी कमांड आणि नवी कमांड ताडून बघतं. फरक असेल तर पुन्हा बनवतं, नसेल तर सोडून देतं.

ही तुलना करायला मेकने त्या नियमात शिरायला तर हवं! सोर्स बदलला नसेल तर मेक नियमाकडे वळतच नाही. म्हणून नियमाच्या अवलंबनांमध्ये फोर्स नावाचं एक कायम अपूर्ण अवलंबन लिहावं लागतं. त्यामुळे मेक दर वेळी आत येतो आणि निर्णय इफ-चेंज्डवर सोपवतो. फोर्स लिहायचं राहिलं तर फ्लॅग बदलूनही जुनीच फाईल वापरली जाते. दुसरी अट अशी की टार्गेटचं नाव टार्गेट्स या यादीत असायला हवं. ते नसेल तर केबिल्ड डॉट-सीएमडी फाईल वाचतच नाही, जुनी कमांड रिकामी दिसते, आणि टार्गेट प्रत्येक बिल्डला नव्याने बनतं. एका चुकीमुळे काम होत नाही, दुसरीमुळे ते विनाकारण पुन्हा पुन्हा होतं. दोन्ही वेळा स्क्रीनवर जे दिसतं ते एका यशस्वी बिल्डसारखंच असतं.

तिसरी चूक आणखी बारीक आहे. इफ-चेंज्डला बोलावताना स्वल्पविरामानंतर एक स्पेस सुटली, तर मेक ती स्पेस नावाचाच भाग समजतो. शोधायचा असतो 'सीएमडी_ऑब्जकॉपी' नावाचा व्हेरिएबल, शोधला जातो मध्ये स्पेस असलेला दुसराच. तो नसतो. आणि नसलेला व्हेरिएबल म्हणजे रिकामा, हे वर आलंच आहे. बहुतेक ठिकाणी स्वल्पविरामानंतर स्पेस सोडणं ही चांगली सवय मानतात, इथे तीच घात करते. डॉक्युमेंटमध्ये या चुकीचं उदाहरण 'चूक' असा ठळक शेरा मारून छापलं आहे. ज्याने कुणी हे उदाहरण घातलं त्याच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. बरोबर काय ते बहुतेक डॉक्युमेंट्स सांगतात. चुकीचं रूप कसं दिसतं हे समोर मांडणारी फार थोडी असतात, आणि अडलेल्या माणसाच्या स्क्रीनवर तेच चुकीचं रूप असतं.

फोर्स विसरणं ही नेहमीची चूक आहे, असं तेच डॉक्युमेंट सांगतं. पुढे केबिल्डमध्येच एक तपासणी आली. फोर्स नसेल तर आता तो तशी वॉर्निंग देतो. ज्या जागी टूल गप्प होतं, तिथे ते बोलायला लागलं. डॉक्युमेंटेशन स्पष्ट करण्याचा हा सर्वात चांगला प्रकार आहे असं मी मानते. एखादी ताकीद लिहिताना पहिला प्रश्न हाच विचारावा, की हे टूललाच सांगता येईल का? येत असेल तर तो पॅच, म्हणजे कोडमधल्या बदलाचा प्रस्ताव, आधी लिहावा. येत नसेल तर मात्र डॉक्युमेंटमधलं वाक्य अगदी नेमकं हवं, कारण दुसरं कुणी सांगणारच नाही.

ऑब्ज-वाय यादीतल्या क्रमाबद्दल टूलला काही सांगताच येणार नाही. यादीतल्या फाईली ज्या क्रमाने लिहिल्या, त्या क्रमाने लिंक होतात. एकाच पातळीवरचे इनिटकॉल बूटच्या वेळी त्याच क्रमाने चालतात. क्रम बदलला तर स्कझी (डिस्क जोडण्याची एक पद्धत) कंट्रोलर सापडण्याचा क्रम बदलू शकतो, आणि डिस्कचे क्रमांक इकडचे तिकडे होऊ शकतात. डॉक्युमेंटमध्ये नेमकं हेच उदाहरण दिलं आहे. ते मला फार आवडतं. 'क्रम महत्त्वाचा आहे' असं नुसतं लिहिलं असतं तर वाचणारा मान डोलावून पुढे गेला असता. डिस्कचे क्रमांक बदलतील म्हटल्यावर तो थांबतो. मेकफाईल नीटनेटकी दिसावी म्हणून कुणी ओळी वर्णानुक्रमे लावून पॅच पाठवला, तर डोळ्यांना तो निव्वळ साफसफाईचा वाटेल. हा नियम वाचलेला माणूस त्यावर दुसऱ्यांदा नजर टाकेल.

डॉक्युमेंटेशन कुणासाठी, हा प्रश्न इथे बऱ्यापैकी प्रामाणिकपणे सोडवलेला आहे. कर्नलच्या मेकफाईलींशी संबंध येणारे लोक चार प्रकारचे, असं हे डॉक्युमेंट सुरुवातीलाच सांगतं: नुसता कर्नल बनवून घेणारे, ड्रायव्हर किंवा फाईल सिस्टिमसारख्या भागांवर काम करणारे, एखादं संपूर्ण आर्किटेक्चर सांभाळणारे, आणि खुद्द केबिल्डवर काम करणारे. त्यातल्या मधल्या दोघांसाठी आपण लिहिलं आहे, असंही ते म्हणतं. मी काहीही दुरुस्त करायला घेतलं की ही यादी समोर ठेवते. ड्रायव्हर लिहिणाऱ्याला केबिल्डच्या पोटातल्या मॅक्रोंशी देणंघेणं नसतं. त्याला आपली फाईल कुठे नोंदवायची, दोन सोर्स फाईलींचं एक मॉड्यूल कसं करायचं, आणि एकाच डिरेक्टरीपुरता फ्लॅग कसा द्यायचा, एवढं हवं असतं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आता सीसीफ्लॅग्स-वाय असं आहे. पूर्वी त्या जागी एक्स्ट्रा-सीफ्लॅग्स होतं, आणि जुन्या धड्यांमधून ते अजून फिरतं. बाहेरचं, म्हणजे कर्नलच्या सोर्सबाहेर ठेवलेलं, मॉड्यूल बनवताना आज्ञेत पूर्वी सबडर्स लिहायचे, आता एम लिहितात. अशा ठिकाणी जुनं नावही एका ओळीत नोंदवावं असं मला वाटतं. जो जुनंच नाव घेऊन शोधायला आला आहे, त्याला नुसत्या नव्या नावाच्या पानावर आपलं उत्तर सापडत नाही.

बाहेरच्या मॉड्यूलचा विषय निघालाच आहे तर मॉड्यूल्स-प्रिपेअरबद्दल. पूर्ण कर्नल न बनवता मॉड्यूलपुरती तयारी करणारी ही आज्ञा मॉड्यूल-डॉट-सिमव्हर्स (कर्नलने मॉड्यूलना वापरायला दिलेल्या नावांची यादी असलेली) फाईल बनवत नाही. मॉड्यूलच्या आवृत्ती तपासायच्या असतील तर कर्नल एकदा पूर्ण बनवावाच लागतो. डॉक्युमेंटमध्ये हे लिहिलेलं आहे, आणि योग्य जागी आहे.

काही उत्तम डॉक्युमेंटेशन डॉक्युमेंटेशनच्या डिरेक्टरीत नसतंच. स्क्रिप्ट्सच्या बेसिक डिरेक्टरीतली फिक्सडेप नावाची छोटी सी फाईल उघडा. सुरुवातीलाच एक लांब कॉमेंट आहे. कर्नलमधली जवळजवळ प्रत्येक फाईल ऑटोकॉन्फ हेडर, म्हणजे सगळ्या पर्यायांच्या किमती असलेली फाईल, घेते. एखादा जरी पर्याय बदलला तरी ते हेडर नव्याने तयार होतं. कंपायलरने दिलेली अवलंबनांची यादी मेकने जशीच्या तशी मानली, तर एका ड्रायव्हरचा पर्याय एनवरून एमवर नेला म्हणून अख्खा कर्नल पुन्हा कंपाईल होईल. फिक्सडेप त्या यादीतून ऑटोकॉन्फ काढून टाकतं, सोर्समध्ये आणि त्याने घेतलेल्या हेडरमध्ये कॉन्फिगची कोणती नावं आली आहेत ते वाचतं, आणि त्या प्रत्येक नावाच्या एका रिकाम्या फाईलवर अवलंबन टाकतं. पर्याय बदलला की त्याची तेवढी फाईल नवी होते, आणि तो पर्याय वापरणाऱ्या फाईलीच पुन्हा बनतात. ती कॉमेंट अडचणीपासून सुरू होते, ती कुणाला आणि का त्रासदायक आहे ते सांगते, आणि मग उपायाकडे वळते. कोड वाचायच्या आधीच तो का आहे ते समजलेलं असतं. इतकं स्वच्छ तांत्रिक लेखन मी फार कमी वाचलं आहे.

उलट बाजूचं उदाहरणही द्यायला हवं. मुख्य डॉक्युमेंटमधली काही उदाहरणं आयएसडीएनच्या (फोनलाइनवरच्या जुन्या डिजिटल सेवेच्या) आयफोरएल ड्रायव्हरच्या मेकफाईलमधून घेतलेली आहेत. तो सगळा कोड 2019 मध्ये कर्नलमधून काढून टाकला, तरी उदाहरणं मागे राहिली. कुणी म्हणेल, नियम समजला म्हणजे झालं. मला ते पटत नाही. उदाहरणावर खऱ्या फाईलचा पत्ता लिहिला की वाचणारा ती फाईल उघडून बघणारच, आणि तसं बघणारा वाचक जपण्यासारखा असतो. पत्त्यावर काहीच सापडलं नाही तर त्याला आपलंच काहीतरी चुकलं असं वाटतं. म्हणून उदाहरण एकतर आजच्या सोर्समधलं असावं, नाहीतर उघडउघड काल्पनिक असावं. फू आणि बार चालतील. फाईल गेली आणि पत्ता उरला, ही अवस्था तेवढी नको.

स्वतः असं काही दुरुस्त करताना मी आधी वाक्य लिहीत नाही, आधी मोडून बघते. डॉक्युमेंट म्हणतं त्याच्या नेमकं उलट करायचं आणि केबिल्ड काय करतो ते पाहायचं. व्ही बरोबर दोन अशी किंमत देऊन मेक चालवला की प्रत्येक टार्गेट का बनवलं जातंय त्याचं कारण छापलं जातं. निम्मे गैरसमज तिथेच मिटतात. मग डॉक्युमेंटचं वाक्य आणि समोर दिसलेलं वागणं शेजारी ठेवायचं. कित्येकदा दोन्ही जुळतात आणि माझं काम तिथे संपतं. जुळत नसेल, तर आणखी एक शंका उरते: चूक डॉक्युमेंटमध्ये आहे की केबिल्डमध्ये? तिचं उत्तर कोडमध्ये मिळत नाही, बदलांच्या इतिहासात मिळतं. ती ओळ कुणी, कुठला प्रश्न सोडवायला लिहिली, हे त्या वेळच्या कमिट मेसेजमध्ये, म्हणजे बदलासोबत लिहिलेल्या नोंदीत, असतं. म्हणून माझ्या स्वतःच्या पॅचचा कमिट मेसेज पुष्कळदा खुद्द दुरुस्तीपेक्षा लांब होतो. डॉक्युमेंटमध्ये दोन ओळी बदलतात. आधी काय समज होता, प्रत्यक्षात काय घडतं आणि ते कसं पडताळलं, हे सगळं मेसेजमध्ये जातं, कारण पुढे कुणाला हेच वाक्य पुन्हा बदलावंसं वाटलं तर तो तिथेच बघणार आहे.

या डॉक्युमेंटच्या शेवटी एक छोटी टूडू यादी आहे. तिच्यातला एक मुद्दा म्हणजे ऑफसेट हेडर कशी तयार होतात, हे लिहायचं राहिलेलं आहे. सध्या माझं मन त्यात गुंतलंय. असेंब्लीत लिहिलेल्या कोडला एखाद्या स्ट्रक्चरमधलं अमुक फील्ड सुरुवातीपासून किती बाइटवर आहे ते कळायला हवं असतं, पण सीची व्याख्या असेंब्लरला वाचता येत नाही. म्हणून केबिल्ड एक खास सी फाईल कंपायलरला देतो आणि फक्त असेंब्लीपर्यंत नेऊन थांबवतो. ऑब्जेक्ट बनवतच नाही. त्या असेंब्लीत ऑफसेटचे आकडे ठरावीक खुणांसह उमटलेले असतात. सेड हे मजकूर चाळणारं टूल ते वेचून त्यांची हेडर फाईल बनवतं, आणि मग बाकीचा कर्नल कंपाईल व्हायला लागतो. ही फाईल कधी चालवली जात नाही, कशाला लिंकही होत नाही, आणि तरीही ती सगळ्यांच्या आधी कंपाईल व्हावी लागते. पहिल्यांदा ती उघडणाऱ्याला नेमकं हेच उमगत नाही. माझा मसुदा तिथूनच सुरू होतो. नव्या आर्किटेक्चरवर काम करणाऱ्याने त्यात कोणता मॅक्रो वापरायचा, तयार झालेलं हेडर कोणत्या डिरेक्टरीत जातं, आणि स्ट्रक्चर बदललं की ते आपोआप नव्याने कसं बनतं, एवढं त्यात यायचं आहे. शेवटचा भाग लिहिण्याआधी तो मोडून बघायचा आहे.